चढावर तापली की बंद, वीस मिनिटांनी पुन्हा चालू: कच्च्या वाटेवर जुन्या येझदीचं दुखणं

तक्रार अशी आहे. गाडी येझदी २५०, जुन्या धाटणीची, सोळा इंची चाकं, सहा व्होल्टची वायरिंग. डांबरी रस्त्यावर तिच्याबद्दल बोलायला जागा नाही. पुण्याहून निघावं, पाबे घाट चढावा, वेल्ह्याला चहा घ्यावा, एकदाही खोकत नाही. पण डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागलं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण तास चढण झाली, की गाडी बंद. किका मारून मारून पोटरीला गोळे येतात. मग सावली बघून बसायचं, पाणी प्यायचं, आणि वीस मिनिटांनी सहज म्हणून किक मारली की पहिल्या किकला चालू. काही झालंच नव्हतं असा आव. पुढच्या चढावर परत तेच.

दोन हिवाळ्यांत हे माझ्याबरोबर अकरा वेळा झालं. वहीत तारखा आहेत. या काळात कार्बोरेटर तीनदा साफ झाला, पेट्रोलचा पाइप बदलला, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) बदलली, दोन मिस्त्री बदलले. गाडी बरी झाली ती हे सगळं सोडून दिल्यावर. म्हणून लिहितोय. घरातली जुनी गाडी काढून कच्च्या वाटांवर फिरायला सुरुवात करणारे आता बरेच आहेत आणि जवळपास प्रत्येकाची गाडी पहिल्याच महिन्यात हा खेळ दाखवते.

येझदी म्हणजे इथे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली टू-स्ट्रोक. तिथे १९६१ पासून जावा निघाली, १९७३ पासून येझदी हे नाव आलं, १९९६ ला कारखाना बंद झाला. २०२२ मध्ये त्याच नावाने परत आलेली गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिला यातलं काही लागू नाही. राजदूतवाल्यांनी मात्र वाचावं. बॅटरीचा आणि क्लचचा भाग सोडला तर बाकी आजार तेच.

वीस मिनिटांनी सगळंच बरं होतं, हीच गोची

माझी दोन वर्षं वाया गेली ती एका समजुतीपायी. मी धरून चाललो होतो की थंड झाल्यावर चालू होते म्हणजे "इंजिन तापतंय". मग तापण्यावरचे उपाय. ऑइल वाढव, प्लग बदल, थांबत थांबत जा.

खरी गोष्ट वेगळी आहे. या गाडीत निदान चार बिघाड असे आहेत की जे एकमेकांशी काडीचा संबंध नसताना बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. कंडेन्सर, म्हणजे ठिणगीला जोर देणारी छोटी डबी, तापून फुटका झाला असेल तर थंड झाल्यावर तो परत धरतो. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकीत तयार झालेली पोकळी कुठून तरी हवा आत घेत हळूहळू भरते आणि पेट्रोल परत वाहू लागतं. बॅटरी उतरली असेल तर स्वस्थ पडून राहिल्यावर तिचा व्होल्टेज थोडा वर येतो, दोन-चार किकांपुरता. आणि पिस्टन सिलिंडरमध्ये आवळत असेल तर गार झाल्यावर सैल होतो. चारही आजारांना औषध एकच: झाडाखाली बसा.

म्हणजे तुम्ही बसलात की पुरावा गेला. त्यानंतर गाडी मिस्त्रीकडे नेली तर ती ठणठणीत. माझे सध्याचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, पहिल्या भेटीत गाडी एका किकला चालू करून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पेशंट बरा करून डॉक्टरकडे आणतोस होय? बंद पडते तेव्हा काय बघितलंस ते सांग." मी काहीच बघितलं नव्हतं. मी बिस्किटं खात होतो.

म्हणून या दुखण्याचं निवारण गॅरेजमध्ये होत नाही. गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत, तिथेच चढावर होतं.

बंद पडते कशी, ते आधी कानाने ओळखा

दिवा विझावा तशी, अधलंमधलं काही नाही, चालती गाडी एकदम गप्प: इलेक्ट्रिकल. कंडेन्सर, कॉइल, पॉइंटची (इंजिनबरोबर उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) तुटत आलेली वायर, प्लगची कॅप.

आधी ओढ कमी होते, झटके देते, ॲक्सिलरेटर बंद करून परत दिला की दोन क्षण धावते, मग परत मान टाकते: पेट्रोल पोचत नाही. चोक लावल्यावर क्षणभर सुधारली तर नक्कीच.

घोगरा आवाज, मागे धुराचा पडदा, फोर-स्ट्रोकसारखी ठकठक चालते आणि मग गुदमरून बंद: पेट्रोल जास्त होतंय. कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा) अडकलेला, फिल्टर धुळीने बंद, नाहीतर चोकच अर्धा ओढलेला राहिलाय. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, मी केलंय.

आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही: क्लच सुटतोय. हे बंद पडणं नव्हे, पण नवखा माणूस घाबरून स्वतःच बंद करतो आणि मग "बंद पडली" म्हणून सांगतो.

आणि पाचवा प्रकार. इंजिन कशात तरी अडकल्यासारखं जड होतं, बारीक किणकिण किंवा चर्र आवाज येतो, मागचं चाक धरल्यासारखं होतं. हा आवाज आला की त्याच क्षणी क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. पिस्टन आवळतोय. इथे किक मारायची नाही. गार होऊ द्या आणि मग हळूच किकचा दांडा हाताने खाली दाबून इंजिन मोकळं फिरतंय का बघा. बाकी चार प्रकारांत घाई करा, या एकात अजिबात नको.

पहिली दोन मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या एका गोष्टीचा पुरावा एकदाच मिळतो.

आधी चावी काढा. का, ते पुढे बॅटरीच्या भागात येईल. न्यूट्रल करा. मग चावी नसतानाच हाताने किक दाबून बघा. नेहमीसारखा दाब लागला तर पिस्टन सुखरूप आहे, पुढे जा.

आता कान टाकीजवळ नेऊन पेट्रोलचं झाकण उघडा. "सूं" करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला. हे पहिल्याच फटक्यात ऐकायचं. एकदा झाकण उघडलं की पोकळी भरली, परत लावून उघडलं तर काही ऐकू येणार नाही. मी पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी "पेट्रोल संपलं का" बघायला झाकण उघडायचो, शेजारी सोबती गप्पा मारत असायचे, आणि तो आवाज मी कधी ऐकलाच नाही. गाडी मात्र त्यानंतर चालू व्हायची. श्रेय विश्रांतीला जायचं.

आवाज आला नाही तर पेट्रोलचा नळ चालू ठेवून कार्बोरेटरकडचा पाइप काढा आणि रिकाम्या बाटलीत सोडा. करंगळीच्या निम्म्या जाडीची सलग धार पाहिजे. थेंब थेंब आलं तर नळाची जाळी किंवा पाइप. चढावर टाकी अर्ध्याहून कमी असेल तर आणखी एक भानगड असते. ही टाकी फ्रेमवर खोगीरासारखी बसते, नळ एका बाजूला. दुसऱ्या बाजूच्या पोटात पेट्रोल राहतं आणि ते या बाजूला येत नाही. गाडी नळाच्या बाजूला चांगली आडवी कलवून सरळ केली की पेट्रोल इकडे येतं आणि काम होतं. बाप-काका ही युक्ती करायचेच.

धार ठीक असेल तर प्लग. पाइप परत लावा, नळ बंद करा, सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या. प्लग तापलेला असतो, फडकं घ्या. कोरडा खडखडीत आहे म्हणजे पेट्रोल आत गेलंच नाही. ओला आहे म्हणजे पेट्रोल आलं, ठिणगी नाही. मग प्लग कॅपमध्ये घालून सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ धातूच्या कडांना (फिनना) टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. चावी लावून किक मारा. उन्हात ठिणगी दिसत नाही, जॅकेटची सावली करा. निळी, जाडसर, "टक" आवाज करणारी ठिणगी पाहिजे. नारिंगी, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे नसल्यातच जमा. "ठिणगी तर येतेय" म्हणून पुढे जाऊ नका. मोकळ्या हवेत उडणारी मरतुकडी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडत नाही, आणि मी याच ठिणगीला फसून कॉइलवर खर्च केलाय.

कंडेन्सर

माझ्या अकरा नोंदींपैकी सात याच्या नावावर आहेत.

बोटाच्या पेराएवढी ही डबी पॉइंटशेजारी बसते. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला पाहिजे, तरच प्लगवर जोरदार ठिणगी पडते. कंडेन्सर नसेल तर प्रवाह पॉइंटच्या फटीतूनच उडी मारतो. म्हणजे ठिणगी प्लगवर न पडता पॉइंटवर पडते आणि पॉइंटही जळतात. आतमध्ये पत्र्याच्या पातळ गुंडाळ्यांत इन्सुलेशन असतं. ते जुनं झालं की थंड असताना धरून ठेवतं, तापलं की सोडतं. आणि ही डबी बसवली आहे कुठे? इंजिनच्या उजव्या झाकणाआड, जिथे वारा पोचत नाही.

डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास-साठने जाताना झाकणावरून वारा जातो, भागून जातं. चढावर पहिल्या गिअरमध्ये वेग माणसाच्या पळण्याएवढा, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. सगळी उष्णता त्या झाकणाआड साठते. म्हणून हा आजार रस्त्यावर दिसतच नाही. रस्त्यावरची चाचणी करून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारे मिस्त्री खोटं बोलत नव्हते.

वाटेवर ओळखायचं असं: उजवं झाकण काढा, चावी लावा, सोबत्याला हळू किक मारायला सांगा आणि पॉइंटकडे बघा. टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी चालते. वेल्डिंगसारखा निळा-पांढरा लखलखाट दिसला तर कंडेन्सर गेला. पॉइंटवरही काही नाही, प्लगवरही काही नाही, तर तो आतून शॉर्ट झाला असेल किंवा वायर तुटली असेल.

घरी खात्री करायची असेल तर थंड कंडेन्सरला मल्टिमीटर लावून समाधान मानू नका. माझा थंडीत ०.२२ मायक्रोफॅरड दाखवायचा, अगदी शहाण्यासारखा. वायर बाहेर ठेवून डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी उकळत्या चहाच्या पाण्यात सोडली, आणि पाच मिनिटांत आकडा नाचायला लागला. बायकोने ते पातेलं परत चहाला वापरू दिलं नाही, ते वेगळं.

आता हे दुखणं परत परत का आलं ते. मी कंडेन्सर बदलला. दोन फेऱ्या गाडी सुंदर चालली. तिसऱ्या फेरीला, त्याच मुरमाच्या चढावर, तसंच. मी मनातून कंडेन्सर बाद केला, कारण तो तर नवा होता. तिथून पुढचे सहा महिने मी भलत्याच गोष्टी उघडत बसलो. बाजारात आज मिळणारे सुटे कंडेन्सर कुठल्या प्रतीचे असतील सांगता येत नाही, आणि गोदामात तीस वर्षं पडलेला "ओरिजिनल" तर आतून वाळलेलाच असतो. नवा म्हणजे चांगला हे जुन्या गाडीच्या बाबतीत विसरा. माझे लागोपाठ तीन गेले.

उपाय चाचांनी केला तो दहा मिनिटांचा. कंडेन्सरला पॉइंटशेजारीच बसायला हवं असं काही नाही. त्याला एक टोक पॉइंटच्या वायरला आणि दुसरं, म्हणजे डबीचं अंग, अर्थला एवढंच पाहिजे. पॉइंटची वायर कॉइलच्या ज्या टर्मिनलवर येते तिथून एक वायर घेतली, सीटखाली गार जागी स्कूटरचा चांगला कंडेन्सर पट्टीने आवळला. आवळण्याआधी फ्रेमचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. रंगावर आवळलात तर अर्थ मिळत नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल. जुना कंडेन्सर आतून सोडवून टाकला, तो जोडलेलाच ठेवला आणि शॉर्ट झाला तर नव्यालाही घेऊन बुडतो. पॉइंट घासून गॅप ०.४ मिमी फीलर गेजने धरला. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, सरकतं, त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग, उलट नको. त्यानंतर कंडेन्सरची नोंद वहीत नाही.

झाकण

तीन नोंदी याच्या. आणि हा बिघाड माझ्याच हातचा.

झाकणाचं जुनं कॉर्कचं वॉशर फुगून चुरा झालं होतं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या कॉर्कला आणि रबराला ते मानवत नाही. मी ट्यूबच्या रबराचं गोल वॉशर कापून बसवलं. गळती बंद, मी खूश. पण झाकणात हवा जायचा जो मार्ग असतो तोच मी छान झाकून टाकला होता. पुढे ट्यूबचं ते रबरही पेट्रोलने फुगलं.

साध्या रस्त्यावर जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा कुठून तरी आत शिरायची. चढावर पेट्रोल भराभर जातं आणि हवा तेवढ्या वेगाने येत नाही. टाकीत पोकळी, नळातून धार बंद.

तपासायला झाकण उलटं करून भोकाला तोंड लावून फुंका. फुंकर सहज जायला हवी. सुई घालून साफ करा, वॉशर पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं घ्या. धुळीच्या वाटेवरून आल्यावर टाकी धुताना त्या भोकात चिखल जातो, तेवढं लक्षात असू द्या.

याच पेट्रोलबद्दल आणखी दोन गोष्टी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी असेल तर टाकीच्या तळाशी पाणीमिश्रित थर बसतो आणि पहिल्या उतारावर तो नळात येतो. दिवाळीच्या सुमारास पहिली फेरी काढण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून नवं पेट्रोल घाला, जुनं राहू द्यायचा मोह नको. आणि या पेट्रोलवर गाडी किंचित लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे गरम. कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मिश्रण थोडं दाट होतं. प्लगच्या टोकाचा रंग चॉकलेटी आला की थांबा. ऑइल मी लिटरला ४० मिली घालतो. नुसतं ऑइल वाढवून गाडी गार होत नाही, उलट ऑइलने जागा अडवली म्हणून पेट्रोल आणखी कमी जातं. हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बॅटरी, आणि चावी

या गाडीत ठिणगी बॅटरीवर चालते. डायनॅमो ४५ वॅटचा, तोही इंजिन बऱ्यापैकी फिरायला लागल्यावर चार्ज देतो. स्पीडोमीटरमधला लाल दिवा विझला म्हणजे चार्ज सुरू. कच्च्या वाटेवर तो दिवा अर्धा वेळ पेटलेलाच असतो: दगडातून सावकाश जाताना, थांबल्यावर, उतारावर. म्हणजे सगळी ठिणगी बॅटरीच्या जीवावर. वर कुणी दिवसाउजेडी हेडलाइट चालू ठेवला तर विचारूच नका. दुपारपर्यंत सहा व्होल्टची बॅटरी साडेपाचच्या खाली येते आणि ठिणगी नारिंगी होते. लक्षण कंडेन्सरसारखंच. फरक एवढाच की हॉर्न दाबला तर म्हैस कण्हल्यासारखा वाजतो. मी आता मल्टिमीटर खिशात ठेवण्याऐवजी हॉर्नच वापरतो.

आता चावीचं. इंजिन थांबतं तेव्हा पॉइंट उघडे राहतील की मिटलेले, हे नशिबावर. मिटलेले राहिले आणि चावी लावलेलीच असली तर कॉइलमधून सलग प्रवाह वाहत राहतो. गाडी उभी, तुम्ही झाडाखाली, आणि कॉइल तापतेय, बॅटरी उतरतेय. मी "इंजिन गार होऊ दे" म्हणून बसायचो तेव्हा चावी तशीच. वीस मिनिटांच्या विश्रांतीत इंजिन गार होत होतं आणि कॉइल शिजत होती. माझी पहिली कॉइल बहुधा अशीच गेली, आणि त्याचा राग मी भलत्या माणसावर काढला.

बाकीचे संशयित, भराभर

क्लच. जावा-येझदीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप थोडा सुटतो, ही तिची जुनी खासियत. रस्त्यावर गंमत वाटते. पण खडबडीत वाटेवर आपण उभं राहून चालवतो, बूट जाड असतो, आणि पाऊल नकळत दांड्यावर टेकून राहतं. क्लच अर्धा सुटलेला, प्लेटा जळतायत, आणि आपण म्हणतोय गाडीत दम नाही. पाऊल मागे घ्या. सवय लागायला चार-पाच फेऱ्या जातात.

क्रँकचं सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा ओढते, आयडलिंग आपोआप वाढतं, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल ओढते, धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. दोन्हीला इंजिन उघडावंच लागतं.

सायलेन्सरचे बॅफल (आवाज दाबणाऱ्या आतल्या जाळ्या) कार्बनने बुजले की चढाला ओढ मरते. काढून जाळून साफ करा. काढून फेकून देऊ नका, आवाज होतो आणि ओढ आणखी जाते.

"गाडी तापते ना, मग थंड प्लग टाक" असा सल्ला मिळेल. सावकाश चालणाऱ्या गाडीत थंड प्लग, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, ऑइलने लगेच भरतो. कंपनीने सांगितलेलाच प्लग, गॅप ०.६, आणि एक जादा खिशात.

गाडी आडवी पडल्यावर चालू होत नसेल तर आत पेट्रोल भरलंय. नळ बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, सात-आठ किका.

वाट आणि कागद

कुणीतरी सांगेल की जावाच्या घराण्यात मातीतली शर्यत रक्तातच आहे. खरं आहे: तिच्या चेक बहिणीवर, सीझेडवर, जोएल रोबेरने १९६४ मध्ये २५० सीसी मोटोक्रॉसचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. पण ती गाडी त्यासाठीच घडवलेली होती. आपली येझदी दूध, लग्नाची वरात आणि ऑफिस यांसाठी. तिच्याकडून बैलगाडीच्या वाटेची अपेक्षा ठेवा, कड्याची नको. चढाला ओढ हवी असेल तर गिअरबॉक्सकडचं स्प्रॉकेट दोन दात लहान टाका. मागचं मोठं करायला गेलात तर बंद चेनकव्हरमध्ये मावणार नाही, आणि ते कव्हर काढू नका, आपल्या मुरमाच्या धुळीत उघडी चेन लवकर खलास होते. हवा मी पुढे १८, मागे २० ठेवतो. त्याखाली दगडावर ट्यूब चिमटते.

राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्याचे नियम त्याहून कडक. आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, गाडी घालू नका, परवानगी असो वा नसो. त्या खडकावर दोन बोटं माती असते आणि पावसाळ्यात तिथे जे उगवतं ते एका चाकोरीने वर्षानुवर्षं मरतं. गावाला जोडणाऱ्या वाटा, धरणाच्या बाजूच्या कच्च्या सडका, शेताचे रस्ते, एवढं खूप आहे. शेतातून जाताना विचारून जा. बहुतेक वेळा परवानगीबरोबर "आमच्या आण्णांकडे पण होती" ही गोष्टही मिळते.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे तिला व्हीए अक्षरांचा व्हिंटेज नंबर घेण्याचा विचार असेल तर आधी वाचा. त्या नंबरवर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी माती उडवायची असेल तर साधी फेरनोंदणीच बरी.

अकरातली उरलेली एक नोंद चावीची आहे. बॅटरीचा धडा मिळाल्यापासून मी प्रत्येक थांब्यावर चावी काढून शर्टाच्या खिशात टाकतो. या गाडीची चावी म्हणजे एक खिळाच, तो गेल्या डिसेंबरात ओढा ओलांडताना पाण्यात पडला. वरच्या वाडीतल्या एका आजींनी भिंतीतला कॅलेंडरचा खिळा उपटून दिला, तो बसला, लाल दिवा पेटला. कॅलेंडर त्यांनी कोनाड्यात उभं करून ठेवलं. पुढच्या फेरीला नवा खिळा घेऊन गेलो तर घ्यायला तयार नव्हत्या, म्हणाल्या, राहू दे, तुला परत लागेल.